इंजेक्शन, ऑपरेशन की डाएट? आधी मुलीला विचारा

नमस्कार डॉक्टर,

आम्ही सांगलीत राहतो. माझी मुलगी १५ वर्षांची आहे, यंदा दहावीत. उंची १५८ सेंटिमीटर, वजन ९४ किलो. पाळी बाराव्या वर्षी सुरू झाली, पण आता दोन-दोन, तीन-तीन महिने येत नाही. मान काळी पडली आहे, कितीही घासली तरी जात नाही. रात्री घोरते. सोनोग्राफीत पीसीओडी निघालं म्हणून मेटफॉर्मिनच्या (मधुमेहावरच्या) गोळ्या दिल्या होत्या, त्या तिने महिनाभर घेऊन सोडून दिल्या. शाळेचा डबा तसाच परत आणते आणि रात्री अभ्यासाला बसली की भडंगाची पिशवी संपवते. ह्यांचं म्हणणं, जिम लावू आणि भात-चपाती बंद करू. पुण्याच्या नणंदेच्या मैत्रिणीचं आठवड्याला एक इंजेक्शन घेऊन बरंच वजन उतरलं, ती म्हणते तेच पेन आणून देते. एका शिबिरात पोट लहान करण्याच्या ऑपरेशनची माहिती मिळाली. सासूबाई म्हणतात, वयात येताना अंग सुटतंच, लग्नापर्यंत उतरेल. परवा जेवताना हाच विषय निघाला तर ती ताटावरून उठली. म्हणाली, "तुम्ही सगळे माझ्या शरीराची मीटिंग घेता. मला कोणी विचारलंय का?" यातलं आम्ही तिच्यासाठी काय निवडावं? आणि हे सगळं माझ्याच हातून झालं का?

– एक आई, सांगली

ताई,

तुमच्या पत्रात यजमानांचं मत आहे, नणंदेचं आहे, सासूबाईंचं आहे, शिबिरातल्या डॉक्टरांचंही आहे. जिच्याबद्दल हे सगळं चाललं आहे तिचं मत मात्र ताटावरून उठून गेलं. मी तिथूनच सुरुवात करते. वजनासाठी आणलेली मुलंमुली मी बरीच वर्षं तपासते आहे, आणि मुलाने स्वतः होकार न दिलेला इलाज फार दिवस टिकल्याचं मला आठवत नाही. मेटफॉर्मिनचं काय झालं ते तुम्हीच लिहिलं आहे. गोळी कशासाठी आहे, सुरुवातीला पोट बिघडतं, जेवणाबरोबर घेतली आणि डोस हळूहळू वाढवला तर ते बसतं, हे तिला कुणी समोर बसवून सांगितलं होतं का? मला वाटतं नसावं.

आधी तुमचा शेवटचा प्रश्न, कारण तो मनात घेऊन तुम्ही दुसरं काहीच नीट ठरवू शकणार नाही. नाही, हे तुमच्या हातून झालेलं नाही. जुळ्या भावंडांच्या अभ्यासांवरून दिसतं की माणसामाणसांच्या वजनातल्या फरकाचा साधारण ४० ते ७० टक्के भाग आनुवंशिक असतो. भूक किती लागते, पोट भरल्याचा निरोप मेंदूपर्यंत कधी पोचतो, हे बरंचसं जन्मतःच ठरलेलं असतं. १९९४ मध्ये लेप्टिन नावाच्या हार्मोनचा शोध लागला. चरबीच्या पेशी त्याच्यामार्फत मेंदूला सांगतात की साठा किती आहे. वजन उतरलं की लेप्टिनही उतरतं, मेंदूला वाटतं दुष्काळ पडला, आणि तो भूक वाढवतो, शरीराचा खर्च आखडता घेतो. उतरलेलं वजन परत येतं ते यामुळे. "मनावर घेतलं की होतं" असं म्हणणाऱ्यांनी ही लढाई आतून पाहिलेली नसते.

आपल्या लोकांची गोष्ट आणखी थोडी वेगळी आहे. पुण्याच्या केईएम रुग्णालयात डॉ. चित्तरंजन याज्ञिक आणि त्यांच्या सहकाऱ्यांनी पुण्याजवळच्या खेड्यांतली नवजात बाळं मोजली. इंग्लंडमधल्या बाळांपेक्षा ती वजनाने बरीच हलकी होती, पण अंगावरची चरबी त्या मानाने फारशी कमी नव्हती. स्नायू कमी, चरबी टिकून. अशा शरीरात कमी वजनावरच साखर आणि रक्तदाब डोकं वर काढतात. म्हणूनच पुण्याच्याच डॉ. वामन खाडिलकर आणि सहकाऱ्यांनी तयार केलेल्या, इंडियन अकॅडमी ऑफ पेडिअॅट्रिक्सच्या २०१५ च्या तक्त्यांत आपल्या मुलांसाठीच्या रेषा खाली ओढल्या आहेत. मोठ्या माणसाच्या बीएमआय (किलोतल्या वजनाला मीटरमधल्या उंचीच्या वर्गाने भागून येणारा आकडा) २३ ला मिळणारी रेषा ओलांडली की वजन जास्त, आणि २७ ला मिळणारी ओलांडली की लठ्ठपणा.

तुमच्या मुलीचा बीएमआय ३७.७ येतो. हा आकडा मी लपवणार नाही आणि त्यावरून तुम्हाला घाबरवणारही नाही. अमेरिकेतल्या बालरोगतज्ज्ञांच्या संघटनेच्या हिशोबाने ३५ च्या पुढे तीव्र लठ्ठपणा धरतात. सासूबाईंचं निरीक्षण खोटं नाही, वयात येताना मुली भरतात. पण १२ वर्षांच्या मुलाचं वजन नुसतं थोपवून धरलं तरी उंची वाढते आणि बीएमआय आपोआप उतरतो, तसा मार्ग हिच्यापुढे उरलेला नाही. पाळी सुरू झाल्यावर मुलींची उंची थोडीच वाढते आणि दोन-अडीच वर्षांत जवळजवळ थांबते. शिवाय किशोरवयात लठ्ठ असलेल्या साधारण पाचांतली चार मुलं मोठेपणीही लठ्ठच राहतात. त्यामुळे वाट पाहणं हा इलाज नव्हे. आणि लग्नाचा मुद्दा कृपा करून तिच्यासमोर काढू नका. पंधरा वर्षांच्या मुलीला तिचं शरीर कुणाला तरी दाखवण्याच्या तारखेपर्यंत तयार करायचं आहे असं ऐकू आलं, तर ती पुढचं काही ऐकणार नाही.

निवडीकडे येण्याआधी तपासण्या. तुम्ही लिहिलेल्या तीन गोष्टी मला वजनाच्या आकड्यापेक्षा जास्त बोलक्या वाटल्या.

मान काळी पडणं हा मळ नाही. शरीरात इन्सुलिन जास्त फिरतंय, त्याची ती त्वचेवरची खूण आहे. घासणं आजपासून बंद, त्याने कातडी आणखी काळवंडते. पाळीचं म्हणाल तर सोनोग्राफीवरून या वयात पीसीओडीचा (अंडाशयांच्या या विकाराला पीसीओएसही म्हणतात) शिक्का मारू नये, असं २०१८ आणि २०२३ ची आंतरराष्ट्रीय मार्गदर्शक तत्त्वं सांगतात. पाळी सुरू झाल्यापासून आठ वर्षांपर्यंत मुलींच्या अंडाशयात तसं चित्र एरवीही दिसू शकतं. पण पाळी सुरू होऊन तीन वर्षं झाल्यावर ती दोन-तीन महिने लांबत असेल, तर ते लक्षण खरं आहे आणि त्याचा शोध रक्ततपासणीने घ्यायला हवा. तिसरं घोरणं. झोपेत मध्येच श्वास अडकतो का, दचकून उठते का, सकाळी डोकं जड असतं का, वर्गात पेंगते का, हे दोन-तीन रात्री तिच्याजवळ झोपून पाहा. तसं असेल तर झोपेची तपासणी करून घ्यावी लागेल. रात्रभर प्राणवायू कमी पडत असेल तर दहावीचा अभ्यास डोक्यात शिरणार कसा?

याबरोबर उपाशीपोटी साखर, एचबीएवनसी (गेल्या तीनेक महिन्यांची सरासरी साखर), कोलेस्टेरॉल, यकृतासाठी एसजीपीटी आणि रक्तदाब. रक्तदाब मोजताना दंडाला मोठ्या मापाचा पट्टा लावायला सांगा, लहान पट्ट्याने आकडा खोटा चढा येतो. थायरॉइडची तपासणी डॉक्टर करतीलच, पण मुलीची उंची नीट वाढलेली असेल तर वजनाचं कारण थायरॉइडमध्ये सापडण्याची शक्यता कमीच. आणि दोन लक्षणं दिसली तर वाट पाहू नका. डोकं दुखून डोळ्यांपुढे धूसर होणं, किंवा मांडी वा गुडघा दुखून लंगडणं. यातलं काही झालं तर त्याच दिवशी डॉक्टर गाठा.

आता पर्याय. तुमच्या घरात ते एकमेकांचे विरोधक असल्यासारखे मांडले जात आहेत, म्हणजे डाएटवाले एकीकडे, इंजेक्शनवाली नणंद दुसरीकडे. प्रत्यक्षात ते एकावर एक रचायचे असतात.

पाया खाण्यापिण्याचा, हालचालीचा, झोपेचा. पण यजमान म्हणतात ते, जिम आणि भात-चपाती बंद, हा तो पाया नव्हे. अमेरिकन अकॅडमी ऑफ पेडिअॅट्रिक्सने जानेवारी २०२३ मध्ये या विषयावर सविस्तर मार्गदर्शन प्रसिद्ध केलं. त्यात सांगितलेला इलाज म्हणजे ३ ते १२ महिन्यांत किमान २६ तास, समोरासमोर आणि अख्ख्या कुटुंबासकट. आपल्याकडे काय होतं? वर्षातून दोनदा पाच मिनिटं डॉक्टर भेटतात, "वजन कमी करा" म्हणतात आणि छापील डाएटचा कागद हातात ठेवतात. त्याने काही झालं नाही की मुलगी ऐकत नाही, असा निकाल लागतो. मला याचा मनापासून राग येतो, कारण इलाज दिलाच गेलेला नसतो आणि नापास मात्र मूल होतं.

सांगली-मिरजेत असा कार्यक्रम एका छताखाली मिळाला नाही तर तो जोडून घ्यावा लागेल. मिरज म्हणजे दवाखान्यांचं गाव, बालरोगतज्ज्ञ, आहारतज्ज्ञ आणि समुपदेशक अशी तीन माणसं तुम्हाला तिथे मिळतील. दर पंधरा दिवसांनी एकाची भेट, मधली एखादी फोनवर, असं सहा महिने धरलं तरी बरंच साधतं. घरात मात्र एक नियम पाळा: तिच्यासाठी वेगळं ताट नाही. भाजी-उसळ वाढवायची तर ती बाबांच्याही पानात वाढेल. घरात गोड पेयाची बाटली येणार नाही तर कुणासाठीच येणार नाही. दिवाळीत चकली सगळ्यांनी खायची आणि तिनेही खायची.

भडंगाबद्दल मला तुमच्याशी जरा जास्त बोलायचं आहे. डबा परत आणणारी आणि रात्री पिशवी संपवणारी मुलगी आळशी किंवा खादाड नसते. ती दिवसभर चारचौघांत खायला लाजते, उपाशी राहते, आणि रात्री दार लोटल्यावर शरीर हिशोब चुकता करतं. अशा मुलीची भात-चपाती बंद केली तर दिवसाचा उपास वाढेल आणि रात्रीचं खाणं दुप्पट होईल. या वयात स्वतःच्या मनाने केलेल्या कडक डाएटमधून खाण्याचे गंभीर विकार सुरू होऊ शकतात. म्हणून रॅपर लपवणं, खाताना हात थांबत नाही असं वाटणं, खाल्ल्यावर उलटी काढणं, यातलं काही आहे का हे समुपदेशकाने तिला एकटीला विचारायला हवं. आणि हे इंजेक्शन किंवा ऑपरेशनचा विचार करण्याच्या आधी. हे न पाहता पुढे गेलेल्या मुलींचे हाल होतात.

झोपेचं कुणी विचारत नाही, म्हणून सांगते. १३ ते १८ वर्षांच्या मुलांना आठ ते दहा तास झोप लागते. पहाटेची शिकवणी, शाळा, संध्याकाळचा क्लास आणि रात्री एकपर्यंत अभ्यास, यात ती कुठून मिळणार? कमी झोपेने भूक वाढते. दोनांतला एक क्लास सोडणं हा तिच्यासाठी इलाजाचाच भाग ठरू शकतो. जिमबद्दल तिला विचारा. आरशांनी भरलेल्या खोलीत परक्या माणसांसमोर ट्रेडमिलवर धापा टाकणं तिला नको असेल तर जबरदस्ती करू नका. सायकल, पोहणं, घरात दार लावून नाच, आजीबरोबर संध्याकाळची फेरी, तासभर शरीर हललं की झालं.

एवढं सगळं केलं तर वजन किती उतरेल? खरं उत्तर असं की सरासरी फरक लहान असतो, बीएमआयच्या एखाद्या अंकाच्या आसपास. मूल जितकं लहान आणि वजन जितकं कमी वाढलेलं तितका उपयोग जास्त, पंधराव्या वर्षी ३७ वर तो कमी. तरीही साखर सुधारते, झोप सुधारते, मूड सुधारतो, आणि पुढचा कुठलाही इलाज याच पायावर उभा राहतो. हे आधीच माहीत असलं म्हणजे तीन महिन्यांनी काट्याने निराशा केली तरी कुणी तिला दोष देणार नाही.

मेटफॉर्मिन ही वजनाची गोळी नव्हे. वजनावर तिचा परिणाम थोडासाच. पण साखर मधुमेहाच्या उंबरठ्यावर असेल, पाळीचा त्रास पीसीओएसचाच ठरला, तर तिचा उपयोग आहे. नीट समजावून पुन्हा सुरू करता येईल.

इंजेक्शन. मैत्रिणीने कुठलं घेतलं ते पत्रात नाही. २०२५ मध्ये भारतात टिरझेपाटाइड आलं आणि वजनासाठीचं सेमाग्लुटाइडही आलं, दोन्ही आठवड्यातून एकदा घ्यायची. किशोरवयीन मुलांवरचा भक्कम अभ्यास सेमाग्लुटाइडचा आहे. २०२२ मध्ये प्रसिद्ध झालेल्या चाचणीत १२ ते १८ वयाची २०१ मुलं होती. ६८ आठवड्यांनंतर औषध घेणाऱ्यांचा बीएमआय सरासरी १६ टक्क्यांनी उतरला, नुसत्या सल्ल्यावर आणि खोट्या इंजेक्शनवर असलेल्यांचा जिथल्या तिथे राहिला. त्यावरून डिसेंबर २०२२ मध्ये अमेरिकेत १२ वर्षांपुढच्या मुलांसाठी त्याला परवानगी मिळाली. हे औषध भूक शमल्याचा निरोप लवकर आणि मोठ्याने देतं. ज्या मुलांच्या डोक्यात दिवसभर खाण्याचाच विचार घोळत असतो, त्यांना तो पहिल्यांदा थांबल्यासारखा वाटतो.

आता याची दुसरी बाजू. त्याच चाचणीत औषध घेणाऱ्या दहांतल्या सहा जणांना मळमळ, उलट्या, जुलाब असा पोटाचा त्रास झाला, आणि काही थोड्या मुलांना पित्ताशयात खडे झाले. डोस चार महिने हळूहळू चढवावा लागतो तो याचसाठी. घरात कुणाला थायरॉइडचा मेड्युलरी प्रकारचा कर्करोग झालेला असेल तर हे औषध द्यायचं नाही. तिला स्वादुपिंडाला सूज येऊन गेली असेल तर तेही डॉक्टरांना आधी सांगायचं. आणि सगळ्यात महत्त्वाचं, थांबवलं की वजन परत येतं. मोठ्यांच्या एका अभ्यासात औषध बंद केल्यावर वर्षभरात उतरलेल्या वजनाचा दोन तृतीयांश भाग भरून आला. तेव्हा महिन्याचा खर्च विचारताना तो छत्तीस महिन्यांनी गुणून पाहा, आणि मग घरच्या हिशोबात बसतो का ते ठरवा. अर्ध्यावर सोडायला लागण्यापेक्षा आधी विचार केलेला बरा.

नणंदबाईंना सांगा, माया कळली, पण पेन नको. दुसऱ्याच्या पेनातून टोचून घेणं रक्तातून पसरणाऱ्या रोगांना बोलावणं आहे, आणि मोठ्या माणसाचा चढवलेला डोस पहिल्याच दिवशी पंधरा वर्षांच्या मुलीला दिला तर तिला सलाइन लावायची वेळ येईल. हे औषध एंडोक्रायनॉलॉजिस्टच्या (हार्मोनतज्ज्ञाच्या) किंवा या विषयातल्या बालरोगतज्ज्ञांच्या देखरेखीखालीच.

एक गैरसमज मात्र मला काढायचा आहे. "आधी डाएट करून दाखव, नाही जमलं तर औषध" असं बरेच पालक म्हणतात, काही डॉक्टरही म्हणतात. २०२३ च्या त्या मार्गदर्शनात औषधासाठी आधी नापास होण्याची अट नाही. १२ वर्षांपुढच्या लठ्ठ मुलांना जीवनशैलीच्या इलाजाच्या जोडीने औषधाचा पर्याय सांगावा, असंच त्यात म्हटलं आहे. दम्याच्या मुलाला आपण पंप देण्याआधी श्वास घेण्याची जिद्द सिद्ध करायला सांगत नाही.

ऑपरेशन. यात जठराचा साधारण तीन चतुर्थांशापेक्षा जास्त भाग काढतात आणि केळ्याएवढी नळी ठेवतात. काढलेलं परत लावता येत नाही. ऐकून पोटात गोळा येतो, पण मुलांच्या बाबतीत सगळ्यात लांब पल्ल्याची माहिती याच इलाजाची आहे. अमेरिकेतल्या एका मोठ्या अभ्यासात वजनासाठीचं ऑपरेशन केलेली किशोरवयीन मुलं दहा वर्षं पाहिली गेली, त्याचे निष्कर्ष २०२४ मध्ये आले. दहा वर्षांनंतरही बीएमआय सरासरी २० टक्क्यांनी खाली टिकलेला होता, आणि ज्यांना आधी टाइप २ मधुमेह होता त्यांच्यातल्या निम्म्याहून अधिक जणांचा तो गेलेलाच होता. त्याच अभ्यासात तीन वर्षांच्या टप्प्यावर निम्म्याहून जास्त मुलांच्या शरीरात लोहाचा साठा कमी भरला, आणि काहींना पोटाच्या पुन्हा शस्त्रक्रिया कराव्या लागल्या. बी१२, लोह, कॅल्शियम, डी जीवनसत्त्व जन्मभर घ्यायचं. सोळाव्या वर्षी हॉस्टेलवर गेल्यावरही, पंचविसाव्या वर्षी नोकरीत असतानाही. महिनाभर गोळी न टिकलेल्या मुलीसाठी हा प्रश्न आज मोठा आहे, पण तो कायमचा नाही.

बीएमआय ३५ च्या पुढे आणि सोबत आजार असेल तर १३ वर्षांपुढच्या मुलांना ऑपरेशनच्या मूल्यमापनासाठी पाठवावं, असं ते मार्गदर्शन सांगतं. म्हणजे तपासण्यांत तसा आजार निघाला तर तुमची मुलगी त्या रेषेत बसते. मूल्यमापनाला जाणं म्हणजे ऑपरेशनला हो म्हणणं नव्हे. पण शिबिरातून थेट तारीख देणाऱ्या, तिच्याशी एकटीने न बोलणाऱ्या, आहारतज्ज्ञ आणि मानसतज्ज्ञ सोबत नसलेल्या सर्जनकडे जाऊ नका. १८ वर्षांखाली कायद्याने सही तुमचीच लागेल, पण तिचा होकार नसताना सही करू नका. पावडरी, चरबी वितळवणारे पट्टे, वजन उतरवणारे चहा, बारीक होण्यासाठी थायरॉइडच्या गोळ्या यांवर मी वेळ घालवत नाही. यातलं काहीही आणू नका.

माझं मत विचाराल तर, याच महिन्यात तपासण्या आणि घोरण्याचा छडा. लगेच पाया घालायला सुरुवात. एचबीएवनसी ६.५ किंवा जास्त आला, किंवा झोपेत श्वास अडकतोय असं निघालं, तर औषधाचा आणि मूल्यमापनाचा विचार लगेच. तसं काही नसेल तर इंजेक्शनचा निर्णय तिच्यासोबत सावकाश घ्या, आणि डोस चढवण्याचे मळमळीचे महिने बोर्डाच्या परीक्षेवर येणार नाहीत असं पाहा. ऑपरेशन, तातडीचं कारण नसेल तर, दहावीच्या वर्षात नको. आणि ती "आत्ता औषध नको" म्हणाली तर तेही एक उत्तर आहे. तीन महिन्यांनी पुन्हा विचारायचं, रोज जेवताना विचारायचं नाही. जेवणाच्या ताटावर वजनाचा विषय आजपासून बंद.

पालक आणि मुलं एकाच इलाजाकडे वेगवेगळ्या कारणांनी येतात, हे मी नेहमी पाहते. आईबाबांना मधुमेहाची भीती असते. मुलीला स्नेहसंमेलनात पहिल्या रांगेत नाचायचं असतं, वडापमध्ये (शेअर जीपमध्ये) "दोन सीटचे पैसे दे" ऐकायचं नसतं, पाळीचा डाग कधी पडेल या धास्तीतून सुटायचं असतं. तिची कारणं लहान समजू नका. इलाज टिकतो तो तिच्या कारणांवर.

खालचा मजकूर तिला वाचायला द्या. तुम्ही आधी वाचलात तरी चालेल, पण समजावून सांगू नका.

बाळा,

तू ताटावरून उठलीस ते मला पटलं. उपाशी झोपली नसशील अशी आशा आहे.

तुझं शरीर तुझ्याशी वैर करत नाहीये. त्याला साठवायची सवय जास्त आहे आणि भूक मोठ्याने सांगायची सवय आहे. यात तुझा काही गुन्हा नाही. मानेचा काळेपणा घासून जाणार नाही, साखर आणि वजन सुधारलं की हळूहळू फिका होतो. पाळी लांबते त्यावर इलाज आहे. घोरण्यावर आहे. आणि रात्री खाताना हात थांबत नाही असं वाटत असेल तर त्यावरही आहे, तू एकटीच अशी नाहीस.

डॉक्टरांकडे जाशील तेव्हा दहा मिनिटं आईबाबांशिवाय बोलायचा तुला हक्क आहे. मागून घे. आईबाबांच्या पिढीला असं मागायची सवय नव्हती, म्हणून त्यांना सुरुवातीला विचित्र वाटेल. प्रत्येक इलाजाबद्दल विचार: याने मला काय मिळेल, त्रास काय होईल, किती दिवस घ्यायचं, मध्येच सोडलं तर काय होईल. उत्तर समजलं नाही तर पुन्हा विचार. समजेपर्यंत हो म्हणू नकोस. आणि एखादा इलाज सुरू करून नको वाटला तर गुपचूप सोडू नकोस, ज्यांनी दिला त्यांना फोन करून सांग. गोळीने पोट बिघडत होतं असं तेव्हा कुणाला सांगता आलं असतं तर ती बदलता आली असती.

उद्या शाळेत डबा खा. मैत्रिणींसमोर नको वाटत असेल तर ज्या एका मैत्रिणीसमोर चालेल तिच्याबरोबर खा.

आणि मिरजेला जायच्या आदल्या रात्री एका कागदावर तीन गोष्टी लिही, ज्या तुला वजनामुळे आज करता येत नाहीत आणि करायच्या आहेत. किलो लिहू नकोस, गोष्टी लिही. तो कागद डॉक्टरांना दे. आईला दाखवायचा की नाही, ते तू ठरव.